आपल्या माणसाची शिफारस

हामादा, १४ नोव्हेंबर

आदरणीय कात्सुबे सर,

सप्रेम नमस्कार. समुद्रावरचा वारा आता बोचायला लागला आहे. तुमच्या दरीत सकाळी हिव पडत असेल. गुडघा कसा आहे?

गेल्या मंगळवारी सकाळी मी नेहमीसारखा उठलो. देव्हाऱ्यात अमिदा बुद्धापुढे भाताची वाटी ठेवली, नाम घेतलं, आणि रोजचे कामाचे कपडे बाजूला ठेवून कोट चढवला. योशिएने चहा देताना विचारलं, "आज कुणाचं लग्न आहे?" मी म्हणालो, "बैठक आहे." तिने मागून येऊन कॉलर तेवढी सारखी केली. ती काय समजायचं ते समजली होती.

कारखान्यात लवकर पोचलो. तुम्ही लावलेल्या सवयीप्रमाणे आधी ओतशाळेत फेरी मारली. भट्टीवरच्या ओगासावाराची पाठ धरली होती. तो सांगणार नाही, पण त्याच्या उभं राहण्यावरून दिसत होतं. त्याला दोन दिवस तपासणीच्या टेबलावर बसवायला सांगितलं आणि मग वर गेलो.

मार्चअखेर आपले कारखानाप्रमुख निवृत्त होत आहेत, हे तुम्हाला माहीत आहेच. त्यांच्या जागी कुणाकुणाचा विचार चालू आहे ते नव्या मालकांच्या डेकरसाहेबांनी त्या बैठकीत सांगितलं. हॉलंडच्या लोकांनी आपली कंपनी घेतली त्याला दोन वर्षं झाली, तरी साहेब बोलायला लागले की अजून सगळे आधी दुभाषी कुनियोशीबाईंच्या तोंडाकडे बघतात. बाईंनी दोन नावं सांगितली. एक नागोयाचे सुगिता, दुसरे सिंगापूरच्या शाखेतले कुणीतरी. माझं नाव त्यात नव्हतं.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहून कळवतो आहे. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं एवढंच. एप्रिलपासून नवा प्रमुख येईल. तोवर नावं बदलूही शकतात, असं साहेब म्हणाले, पण ते बोलायची पद्धत म्हणून असेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

घरच्या झाडाची पर्सिमॉन फळं सोलून वळचणीला टांगली आहेत. सुकली की पाठवतो.

तुमचा,
इतोहारा मोरिओ


कावामोतो, २० नोव्हेंबर

मोरिओ,

पत्र मिळालं. मनाला लावून घेऊ नका म्हणतोस. मग काय गुडघ्याला लावून घेऊ?

कोण हा सुगिता? नागोयाचा माणूस आपल्या ओतशाळेत उभा राहून करणार काय? त्याला ओगासावाराची पाठ दिसेल का? आणि तू कोट घालून बसलास आणि तोंडातून शब्द काढला नसशील. ओळखतो मी तुला. भजनं म्हणताना तेवढा घसा फुटतो तुझा.

मला कळत नाही ते वेगळंच. एप्रिलमध्ये मी सल्लागारपद सोडलं तेव्हा निरोपाच्या जेवणात मी स्वतः डेकरकडे तुझी शिफारस केली. तू शेजारीच होतास. तुझ्या मानेवर हात ठेवून तुला वाकवलं आणि मी तुझ्याहून खाली वाकलो. म्हणालो, "हा इतोहारा डोंगरातला गडी आहे, गावच्या शाळेत शिकलेला. बोलायला मंद, डोक्याने जड. इतकी वर्षं ठोकूनही कच्चाच राहिलाय. याच्यामुळे तुम्हाला त्रास होईल. तरी पदरात घ्या आणि कान धरून घडवा."

असं मी आयुष्यात दुसऱ्या कुणासाठी बोललेलो नाही. पोटच्या पोराच्या लग्नात व्याह्यांपुढेसुद्धा इतका वाकलो नव्हतो. खोलीतल्या आपल्या माणसांचे चेहरे आठवतात? म्हातारा मात्सुउरा नाक पुसत होता. कात्सुबे या माणसामागे उभा आहे, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. डेकरला कळलं नसेल असं कसं होईल? मान हलवत होता की.

तेव्हा यात दुसरं काहीतरी आहे. तुझ्याकडून काही चूक झाली आहे का? झाली असेल तर लपवू नकोस.

पर्सिमॉन पाठव. सूनबाई बाजारातली आणते, ती नुसती गोड असतात.

कात्सुबे


हामादा, २ डिसेंबर

आदरणीय सर,

पर्सिमॉन वेगळ्या टपालाने पाठवली आहेत. वरच्या थरातली आधी खा, खालची अजून ओली आहेत.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. चूक म्हणावी अशी झालेली नाही. अडचण इंग्रजीची आहे. वरच्या जागेवरच्या माणसाला आता हॉलंडच्या लोकांशी दर आठवड्याला संगणकाच्या पडद्यावरून बोलावं लागतं. मला हवापाण्यापलीकडे येत नाही.

शिवाय बैठकीतलं माझं वागणंही त्यांना कळत नसावं. बैठकीआधी एकेकाला गाठून बोलायचं, कुणाचं काय अडतं ते ऐकून घ्यायचं, म्हणजे बैठकीत कुणाला चारचौघांत मान खाली घालावी लागत नाही, हे मी तुमच्याकडून शिकलो. त्यामुळे बैठकीत मला बोलण्यासारखं काही उरतच नाही. एकदा साहेबांनी विचारलं, "मिस्टर इतोहारा, तुम्हाला काही मत आहे का?" मी म्हणालो, "सगळ्यांचं जे ठरलं तेच." ते हसले. योशिएला सांगितलं तर म्हणाली, "त्यांना वाटलं असेल, हा माणूस डोळे उघडे ठेवून झोपतो."

तुमच्या शिफारशीत काही कमी राहिलं असं कृपा करून मनात आणू नका. त्या रात्रीचं मी विसरणार नाही. आमच्या देवळातही आम्हाला अडाणीच म्हणतात, आणि अडाणीपणासकट जवळ घेतलं जातं असं सांगतात. त्यामुळे तुमचं 'कच्चा' मला कधी टोचलं नाही. कच्चा म्हणायला हक्काचं माणूस लागतं.

एक विनंती. डेकरसाहेबांना पत्र लिहू नका, आणि थंडीत इकडे येण्याचा त्रासही घेऊ नका. रस्ते निसरडे आहेत.

तुमचा,
मोरिओ


कावामोतो, ९ जानेवारी

मोरिओ,

तुझी विनंती वाचली आणि बाजूला ठेवली. तुला न कळवता आलो याचा राग आला असेल तर गिळून टाक.

नव्या वर्षाच्या पहिल्या कामाच्या दिवशी कारखान्याची सगळी मंडळी सुरक्षेच्या पूजेला देवस्थानात जाणार, डेकरही येणार, हे मला ठाऊक होतं. सूनबाईने गाडीतून आणलं. तू मला पायऱ्यांवर बघितलंस तेव्हा तुझा चेहरा असा झाला की जणू भूत दिसलं. पोरा, आजारी नाहीस ना?

पूजा झाल्यावर तू हिशेबनिसाशी बोलत होतास तेव्हा मी डेकरला दिव्यांच्या रांगेपाशी गाठलं. मी विचार केला होता. गेल्या वेळी कुठेतरी माझंच कमी पडलं असणार. जेवणाची वेळ, दारूचे पेले, मी नुसता त्याचा मान राखण्यासाठी बोलतोय असं त्याला वाटलं असेल. म्हणून या वेळी बर्फावर गुडघे टेकले. दुखरा गुडघाही टेकला. म्हणालो, "इतोहाराला इंग्रजी येत नाही, बोलता येत नाही, त्याच्यात काही म्हणजे काही नाही. तो माझ्या हातून असा अर्धवट राहिला, हा दोष माझा. तरी त्याला टाकू नका."

एक चमत्कारिक गोष्ट झाली. ती दुभाषी बाई मध्येच थांबली. मला म्हणते, "सर, हे मी थोडं वेगळ्या शब्दांत सांगितलं तर चालेल का?" मी तिला झापलं. "मी बोललो ते जसंच्या तसं सांगा. एक शब्दही हलका करायचा नाही." तिने सांगितलं. आजकालच्या मुली.

डेकर घाबराघुबरा होऊन मला उठवत होता. दोन्ही हातांनी माझा हात धरला. माणूस मनाने चांगला आहे. माझी खात्री आहे, या वेळी पोचलं.

तू उगाच हातपाय गाळू नकोस. तुझ्या अमिदाला सांग, कात्सुबेने त्याचं काम केलं, आता तुझी पाळी.

कात्सुबे


हामादा, २२ जानेवारी

आदरणीय सर,

पत्र मिळालं. तुमच्या गुडघ्याची काळजी वाटते. सूनबाईंना सांगून शेक घेत राहा.

तुम्ही माझ्यासाठी बर्फावर बसलात, त्याबद्दल लिहायला बसलो. दोनदा लिहिलं आणि खोडलं.

इकडे सगळं ठीक. ओगासावाराची पाठ बरी आहे.

तुमचा,
मोरिओ


कावामोतो, ६ फेब्रुवारी

मोरिओ,

काल तुझी बायको आली होती. दोन बस बदलून, डोक्यावर बर्फ घेऊन. मला वाटलं, तुझ्या घरी काही वाईट झालं. तिला शेगडीजवळ बसवलं तर बसेना. म्हणाली, "बसायला आले नाही. सांगायला आले. ते मेले तरी सांगणार नाहीत, म्हणून मी आले."

मग तिने सांगितलं. एप्रिलमध्ये मी जे बोललो ते डेकरने खरं धरलं. मंद, जड, कच्चा. आणि तुला हे नोव्हेंबरपासून माहीत होतं.

मी तिला म्हणालो, "असं कसं खरं धरेल? कोण आपल्या माणसाला दुसऱ्यापुढे चांगलं म्हणतं?"

ती म्हणाली, "त्यांच्याकडे म्हणतात."

"आणि मग ऐकणारा काय समजतो?"

"चांगला आहे असं समजतो. कात्सुबेसान, तुम्ही इतकी वर्षं यांना कच्चा म्हणताय, हे इतकी वर्षं हसताहेत. मीही हसले. पण आता एक माणूस असा आलाय की ज्याला हा खेळ ठाऊक नाही."

एवढं बोलून ती रडायला लागली, आणि रडू आलं म्हणून माझ्यावरच रागावली. पुढे ठेवलेल्या चहाला तिने हात लावला नाही. बायको चांगली मिळाली आहे तुला. मीच जमवली होती, त्यामुळे त्याचं कौतुक तुला नको.

जानेवारीनंतर काय झालं तेही तिने सांगितलं. त्या दुभाषी बाईने अखेर डेकरला आपल्याकडची रीत समजावली. डेकरने तुला बोलावलं. म्हणाला, मला हॉलंडला कारण द्यावं लागतं. म्हाताऱ्याने दोनदा तुझ्याविरुद्ध सांगितलं हे सगळ्यांना माहीत आहे. आता त्यानेच मनात असलेलं सरळ सरळ लिहून दिलं, तर मार्च संपायच्या आत मी तुझं नाव घालतो, आणि ते पहिलं असेल. हे ऐकून तू काय म्हणालास, तर "त्यांना विचारता येणार नाही."

का नाही? मी कोण आहे तुझा, की मला विचारता येत नाही?

कारण मला ठाऊक आहे. मला कळू नये म्हणून. मी बर्फावर गुडघे टेकून तुझा गळा दुसऱ्यांदा कापला, आणि तू मला शेक घ्यायला सांगतोस.

पत्र लिहायला काल रात्रीपासून बसलो आहे. जमत नाही. परक्याची स्तुती करायची मला सवय आहे. शेजाऱ्याचा मुलगा हुशार, आपला तो गाढव. असं म्हणूनच तर कळतं आपला कोण ते. तुझी स्तुती लिहायची तर तुला आधी उंबऱ्याबाहेर उभं करायला लागतं, आणि दूरच्या माणसासारखं तुझ्याकडे बघावं लागतं. बघून बघून लिहिलं तर बरंच काही लिहिण्यासारखं आहे, हे आता दिसतंय. तेच लिहवत नाही.

पण लिहीन.

कात्सुबे


हामादा, १० फेब्रुवारी

आदरणीय सर,

योशिए तुमच्याकडे गेली हे मला तुमच्या पत्रातूनच कळलं. तिला विचारलं तर म्हणाली, "दातांच्या डॉक्टरकडे गेले होते." 

सर, लिहू नका. एवढं एक माझं ऐका.

जे घडलं ते सांगतो, आता लपवण्यात अर्थ नाही. नोव्हेंबरच्या त्या बैठकीनंतर कुनियोशीबाई उपाहारगृहात माझ्यासमोर येऊन बसल्या. ताट पुढे होतं, पण जेवणाच्या काठ्यांना हात लावला नाही. म्हणाल्या, "इतोहारासान, त्या रात्री कात्सुबे सर बोलले ते मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. तेच माझं काम आहे. ते सांगताना तुम्ही रडत होतात. मी सांगत होते त्याचं इंग्रजीत काय होतंय हे फक्त मलाच कळत होतं." मी विचारलं, साहेब काय म्हणाले होते. त्या म्हणाल्या, "साहेब म्हणाले, ज्याने याला तीस वर्षं पाहिलं तोच असं म्हणतो, तर वेगळं म्हणणारा मी कोण?"

यात साहेबांचा काय दोष? त्यांनी तुमच्या शब्दाला मान दिला. आमच्यातल्या कुणाहीपेक्षा जास्त मान दिला.

मी बाईंना विनवलं की हे साहेबांना समजावू नका. समजावलं तर ते तुम्हाला विचारतील, आणि तुम्हाला कळेल. देवस्थानात तुम्ही बर्फावर बसलात ते बाईंना बघवलं नाही, म्हणून त्यांनी माझा शब्द मोडला. त्यांनाही बोल लावता येत नाही.

प्रमुखाची जागा मला हवी होती, हे खोटं कशाला बोलू. हवी होती. ओतशाळेतल्या माणसांना कुणीतरी ओळखीचं वर असावं असं वाटत होतं, आणि माझ्या स्वतःसाठीही वाटत होतं. वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. माझं काही चांगलं झालं तर जाऊन सांगावं असं माणूस मला तुमच्याशिवाय नव्हतं. त्या दिवशी कोट घातला तो त्यासाठीच. तुम्हाला पत्र लिहायचं होतं. लिहिलं ते वेगळंच लिहावं लागलं.

सुगिता वाईट माणूस नाही. मी त्याच्या हाताखाली काम करीन. पन्नाशीला आलो, अजून किती वर्षं राहिली? तुम्ही मला उंबऱ्याबाहेर उभं करू नका.

तुमचा,
मोरिओ


कावामोतो, २४ फेब्रुवारी

श्रीयुत इतोहारा मोरिओ यांस,

स.न.वि.वि.

थंडीचा जोर ओसरत असून आपण सहकुटुंब कुशल असाल अशी आशा आहे.

आपल्या कार्याविषयी माझं निवेदन सोबतच्या लिफाफ्यात आहे. लिफाफा चिकटवलेला नाही. त्यात काय लिहिलं आहे हे देण्याआधी आपल्याला माहीत असावं. कृपया ते डेकर यांच्याकडे पोचतं करावं. दुभाषी बाईंनी शब्द न बदलता सांगावं, अशी त्यांना विनंती करावी. मागे मी त्यांच्यावर रागावलो होतो, त्याबद्दल माझ्या वतीने क्षमा मागावी.

ज्याच्याविषयी असं लिहिलं त्याला पूर्वीसारखी हाक मारणं मला यापुढे जमणार नाही. वय झालं. एका माणसाशी दोन तोंडांनी बोलता येत नाही. आपण समजून घ्याल.

पर्सिमॉन उत्तम होती. आभारी आहे.

आपला नम्र,
कात्सुबे तेइजिरो


हामादा, २२ मार्च

आदरणीय कात्सुबे सर,

गेल्या रविवारी मी तुमच्याकडे आलो होतो. तिथे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, तरी लिहितो, कारण तिथे मला बोलता आलं नाही.

मी नेहमीसारखा घराला वळसा घालून स्वयंपाकघराच्या दाराने आत आलो. एरवी तुम्ही आतूनच ओरडता, "बूट नीट ठेव, गाढवा, घरात चिखल नको." त्या दिवशी सूनबाई धावत आल्या आणि ओशाळून म्हणाल्या, "पुढच्या दाराने याल का? बाबांनी तसं सांगितलंय." मी पुन्हा वळसा घालून पुढच्या दाराने आलो. तुम्ही चांगला कोट घालून उभे होतात. मला आतल्या खोलीत नेलंत, चित्राखालच्या मानाच्या जागी बसवलंत आणि स्वतः दाराजवळ, खालच्या जागी बसलात. इतक्या वर्षांत ती खोली मी दारातून पाहिली होती. तिथे बसलो कधीच नव्हतो. चहा झाकणाच्या पेल्यातून आला. तुम्ही म्हणालात, "इतक्या लांब येण्याची तसदी घेतलीत."

मी तुमच्या गुडघ्याकडे बघत होतो. तसं गुडघे दुमडून तुम्हाला बसवत नव्हतं. मी म्हणालो, "सर, पाय सोडून बसा." तुम्ही म्हणालात, "पाहुण्यांसमोर कसं बसणार?"

पत्र मी वाचलं आहे. तुम्ही लिहिलं आहे की हाताखालून गेलेल्या माणसांत याच्या तोडीचा दुसरा पाहिला नाही. याच्या बैठका शांत असतात, कारण भांडणं त्याने आधीच स्वतःच्या अंगावर घेतलेली असतात. भट्टी फुटली त्या वर्षी जखमी माणसांच्या घरोघरी तो गेला, आणि कंपनीला कळू दिलं नाही. हे तुम्हाला माहीत आहे हे मलाच माहीत नव्हतं. शेवटी लिहिलं आहे, मी त्याला घडवलं असं लोक म्हणतात, ते खरं नाही, मी नुसता त्याच्याजवळ होतो. सर, असं आपण माणूस गेल्यावर बोलतो. रात्री मी ते देव्हाऱ्यापुढे ठेवलं आणि नाम घ्यायला बसलो, तर नाम आलं नाही.

निघताना तुम्ही दारापर्यंत आलात. विचारलंत, "दिलंत का?"

मी म्हणालो, "अजून नाही. देऊ नये असं वाटतं."

तुम्ही रस्त्यापलीकडच्या भातखाचराकडे बघितलंत. मग म्हणालात, "मग मी ते कशासाठी लिहिलं?"

आवाजात राग नव्हता. तुम्ही रागावला असतात तर मी ते पत्र तिथेच फाडलं असतं, तुमच्या शिव्या खाल्ल्या असत्या, आणि स्वयंपाकघरात बसून जेवून परत आलो असतो. तुम्ही नुसतं विचारलंत. मग वाकलात. परक्याला निरोप देताना वाकतात तेवढे वाकलात, आणि मी रस्त्याच्या वळणावर दिसेनासा होईपर्यंत तसेच उभे राहिलात.

बसमध्ये मी विचार केला. नंतर चार दिवस तोच विचार केला. पत्र दिलं नाही तर मी तुमचा राहतो असं मला वाटत होतं. पण ते तर होऊन गेलं आहे. तुम्ही ते लिहिलंत तेव्हाच झालं. आता ते माझ्या खणात पडून राहिलं, तर तुम्ही इतकं करून काहीच झालं नाही असं होईल. योशिएला विचारलं. ती म्हणाली, "मला विचारू नका. मी त्यांच्याकडे गेले त्याची मला झोप लागत नाही."

आज सकाळी मी कामाच्या कपड्यांतच वर गेलो. डेकरसाहेब होते, कुनियोशीबाई होत्या. आधी बाईंना तुमचा निरोप सांगितला आणि तुमच्या वतीने त्यांची क्षमा मागितली. त्यांनी खाली बघितलं. मग मी लिफाफा दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरला. साहेबांनी तो घेतला आणि बाईंकडे दिला. बाई उभ्यानेच इंग्रजीत सांगत वाचत गेल्या. एक शब्दही बदलला नाही असं मला वाटतं. मध्ये एकदा साहेबांनी त्यांना पाणी दिलं. वाचून झाल्यावर साहेब माझ्याकडे बघून काही म्हणाले. बाईंनी सांगितलं, "साहेब विचारताहेत, हे त्यांनी आधीच का सांगितलं नाही?"

मी म्हणालो, "तेव्हा मी त्यांच्या घरचा होतो."

बाईंनी ते इंग्रजीत केलं नाही. साहेब वाट बघत राहिले. मग ते उठले, माझा हात हातात घेतला, आणि पत्र हॉलंडला पाठवायच्या कागदांत ठेवलं.

पत्र दिलं आहे, सर.

आपला,
इतोहारा मोरिओ